निवृत्त बाईंसाठी खुनाचा तपास

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालात, पेन्शन सुरू झाली, दुपार सरता सरत नाही आणि त्यातच 'मर्डर, शी रोट' ही मालिका हाती लागली? मग लागा कामाला. त्यातल्या जेसिका फ्लेचरसुद्धा निवृत्त शिक्षिकाच. 1984 ते 1996 या काळात तब्बल 264 भाग त्या खुनी पकडत होत्या, तेही बहुतेक वेळा गप्पा मारता मारता. त्यांचं कॅबट कोव्ह एवढंसं गाव, पण मुडदे पडायचे थांबत नाहीत आणि गाव सोडून कुणी जात नाही. आपल्या लातूर-धाराशिवकडे इतके खून झाले असते तर निम्मं गाव पुण्याला गेलं असतं. (तसं ते खुनाशिवायही गेलंच आहे.)

चौकशीला निघताना पोटात जागा ठेवा. जेसिकाबाई विचारतात आणि लोक सांगतात. तुम्ही उंबरा ओलांडलात की आधी तुमचीच उलटतपासणी सुरू होईल. "कुठं चाल्लाव बाई? सुनेचं जमतंय का आता?" चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन, गुळाचा चहा पिऊन बाहेर पडाल तेव्हा तुमच्या हाती काही नसेल आणि त्यांच्याकडे तुमच्या थोरल्याच्या गाडीचे थकलेले हप्तेसुद्धा असतील.

पुरावे शोधायची दगदग मात्र करू नका. समजा, कुणी विहिरीत सापडला. 'पाय घसरून' असं पेपरात येईलच. तुम्ही काठावरच्या चपला बघा. रात्रभर पाऊस, काळ्या रानात पाय घोट्यापर्यंत रुततोय आणि चपलांचे तळ कोरडे, स्वच्छ. म्हणजे चपला चालत आलेल्या नाहीत, कुणीतरी आणून ठेवल्यात! इथं मालिकेत संगीत वाजतं. तुम्ही हुरळू नका, पारावरच्या सगळ्यांनी हे सकाळीच बघितलंय. बांधाचं भांडण कुणाशी होतं, सरकारी मोजणी कुणी मागितली होती, हेही त्यांना पाठ आहे.

आता पोलीस येतील, आकस्मिक मृत्यूची नोंद होईल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194 सांगतं की पंचनामा परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष करावा. प्रतिष्ठित रहिवासी शोधणं हाच खरा तपास, बाई. जीप दिसताच एकाला बाजार समितीत सोयाबीन घालायचं आठवतं, दुसऱ्याची म्हैस व्यायला होते. सह्या होतात त्या शेवटी चहावाल्याच्या आणि जीपमागं धावत आलेल्या पोराच्या.

शेवटी सगळ्या संशयितांना बैठकीत बोलवून खुन्याकडून कबुली काढायचा मोह होईल. जरूर काढा. फक्त खुर्च्यांचा क्रम आधी ठरवा, सरपंचांच्या शेजारी माजी सरपंच बसले तर दुसरा गुन्हा तिथंच घडेल. आणि खासगी माणसापुढची कबुली कोर्टात कमजोर पुरावा मानतात, हे कुणाला बोलू नका, उत्साह जातो.

एवढं करून खटला उभा राहिलाच, तर साक्षीदार फितूर होतील. रागावू नका. आरोपीचा मेहुणा कारखान्याच्या गटात वजनदार आहे, साक्षीदाराचा ऊस अजून फडात उभा आहे आणि तोडीची टोळी कुणाच्या रानात आधी उतरवायची, हे मेहुणाच ठरवतो.