कमिशन विचारणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, मीटिंग रूमला घरचा टीव्ही नको, कमर्शियल पॅनल, म्हणजे ऑफिस-दुकानांसाठी बनवलेली स्क्रीन घ्या, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली अन् नीट झोपच नाही आली. तुम्ही लिहिलं, "मॅडम, घरचा टीव्ही लावला तरी मीटिंग होतेच ना, उगाच लोकांना महागडे कमर्शियल पॅनल घ्यायला लावता, कमिशन मिळतं का? दहा जणांच्या रूमला ६५ इंच कशाला? अन् कॅमेऱ्यावर एक ओळ नाही."

चुका काढा, माझं काही म्हणणं नाही. पण कमिशन? ओळख ना पाळख, एकदम पैशावरच येऊन राहिले तुम्ही! त्या लेखात मी एका दुकानाचं, एका ब्रँडचं नाव घेतलं नाही, तो पूर्ण वाचला तरी का?

कॅमेऱ्याचं तुमचं बरोबर आहे, ते राहून गेलं. स्क्रीन खूप वर टांगली की तिच्यावरचा कॅमेरा डोक्यावरून खाली बघतो अन् समोरच्याशी नजर जुळत नाही, हे लिहायला पाहिजे होतं.

आता "घरचा टीव्ही चालतो". मी २०१३ पासून हिंगणा एमआयडीसीतल्या एका ऑफिसचं अ‍ॅडमिन सांभाळते अन् आमची पहिली मीटिंग रूम मी घरच्याच टीव्हीवर उभी केली होती, तेव्हा हे मला ऐकून माहीत नाहीये, भोगून माहीत आहे. रूमला पश्चिमेची खिडकी. मे महिन्यात दुपारी चार वाजता नागपुरात कसं ऊन असतं हे तुम्हाला काय सांगायचं! घरच्या साध्या टीव्हीचा ब्राइटनेस २५०-३०० निट्सच्या आसपास (निट्स म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप), त्यात वरून चकचकीत, त्यामुळे पुण्याच्या क्लायंटपेक्षा आम्हाला आमची खिडकीच जास्त दिसायची. पडदे ओढले की आमचे चेहरे तिकडे काळे. कमर्शियल पॅनल बहुतेक ३५० ते ५०० निट्सचे असतात अन् मॅट असतात, फरक डोळ्यांनी दिसतो. त्या घरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला की चित्राच्या कडा कापल्या जायच्या, एक्सेलमधले लाल आकडे फुटल्यासारखे दिसायचे. हो, ते सेटिंगमध्ये जाऊन सुधारता येतं, पण क्लायंट लाइनवर असताना रिमोट घेऊन मेनूत कोण शोधत बसणार?

अन् चौदाव्या महिन्यात स्क्रीनवर उभी रेघ आली. वॉरंटी तीन वर्षांची होती, म्हणून मी निवांत होते. टेक्निशियन आला, दारावरची ऑफिसची पाटी बघितली अन् म्हणाला, कमर्शियल वापर आहे, वॉरंटी लागू नाही. कार्डावर बारीक अक्षरात तसंच छापलेलं होतं. टीव्ही मी निवडला होता, साहेबांसमोर उभं मला राहावं लागलं, भाऊ, तुम्हाला नाही. घरी टीव्ही संध्याकाळी चार-पाच तास चालतो, आमच्याकडे सकाळी ९ ते रात्री ८. कमर्शियल पॅनल रोज १६ तास, काही तर २४ तास चालवायच्या हिशोबानेच बनवतात. महागडे महागडे करता, एका टीव्हीनंतर दुसरा घेतला त्याचे पैसे कोण धरणार?

६५ इंचावर मी वाद घालत नाही. शेवटच्या खुर्चीवर बसून ५५ इंचावर कोणाची तरी शीट वाचून बघा, बस.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, सगळी टीका राहू द्या. कमिशनचा तेवढा एक शब्द मात्र मागे घ्या.