वृत्तवाहिनी काढताय? आधी बातमी डोक्यातून काढा

कंपनीची नक्त मालमत्ता, म्हणजे देणी वजा जाता उरणारी, 20 कोटी रुपये दाखवा. पहिल्या वृत्तवाहिनीच्या परवानगीसाठी केंद्राची तेवढी अट आहे. बातमीदार अमुक इतके हवेत, अशी अट नाही. तेव्हा काटकसर तिथूनच.

जिल्ह्याला एक स्ट्रिंगर, म्हणजे नोकरीवर नसलेला बातमीदार, पुरे. पगार नको, बातमीमागे पैसे, तेही बातमी लागली तर. दिवाळीच्या आणि वर्धापनदिनाच्या जाहिरातीही त्यालाच आणायला सांगा. मग ज्या पतसंस्थेची जाहिरात येते तिची भानगड तुमच्यापर्यंत पोचतच नाही. डेस्कचे काम आपसूक वाचते.

वाचलेला पैसा केबलवाल्याला द्या आणि ‘लँडिंग पेज’ घ्या. सेट-टॉप बॉक्स सुरू केला की आधी तुमचीच वाहिनी दिसते. आजोबा चष्मा शोधेपर्यंत प्रेक्षक तुमचे! टीव्हीचे रेटिंग मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेने निवडक घरांत बसवलेला मीटर वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण ओळखतो. समोरचा बातम्या बघतोय की पोळ्या लाटतोय, हे त्याला काय ठाऊक? असले फुगलेले आकडे बार्क गाळते म्हणे, तरी त्या जागेला गिऱ्हाईक मिळतेच. देशभरात मीटरची घरे 60 हजारही नाहीत, म्हणजे दोन-चार घरांनीही मराठी वाहिनीचा नंबर हलू शकतो. ऑक्टोबर 2020 पासून मार्च 2022 पर्यंत तर बातम्यांचे रेटिंगच बंद होते. तरी निवेदकांचा आवाज काही खाली आला नाही. सवय, दुसरे काय!

रात्री ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाची गाडी, बाहेर काढू नका, डिझेल लागते. पडद्यावर आठ चौकटी करा. पाहुणे घरबसल्या व्हिडिओ कॉलवर येतात. चेहरे पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसतात, पण आवाज पूर्ण मापाचा येतो. पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षात, प्रत्येकाचा माइक बंद करायची सोय असते. 9 च्या चर्चेत तिला हात लावायचा नाही.

दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीच्या सातच्या बातम्या चुकूनही बघू नका. तिथे मंत्र्यांची उद्घाटने ओळीने येतात, हे खरे. पण मधेच पाऊसपाण्याची बातमीही शांतपणे वाचतात. तुमच्या निवेदकाला ती सवय लागली तर पंचाईत. सरकारी, कंटाळवाणी म्हणून यथेच्छ टिंगल करा.

मग डीडी फ्री डिशच्या ई-लिलावाची तारीख बघा. महिन्याचे भाडे नसलेली ही छत्री गावोगाव आहे, आणि तिच्यावरची जागा खासगी वाहिन्यांना सह्याद्री चालवणारी प्रसार भारतीच विकते. बोलीसाठीचे पैसे मुदतीत भरा. टिंगलीचा कार्यक्रम तेवढा आठवडाभर पुढे ढकला.