सगळंच बरोबर, पण आधी काय?

आमच्या जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, पेपरातले प्रश्न साधे, सरळ असायचे. शॉक म्हणजे काय? त्याची कारणे लिहा. शुश्रूषा कशी कराल? आठवेल ते लिहायचं, गाडी अडली की ‘रुग्णास धीर द्यावा’ असं घालायचं. धीराचे मार्क कुणी कापत नसे.

आता अमेरिकेतल्या नोकरीसाठी एनक्लेक्स, म्हणजे तिथली नर्सच्या परवान्याची परीक्षा, द्यायची आहे, तर प्रश्न बघा. ऑपरेशन होऊन आलेला रुग्ण म्हणतो, दम लागतोय. नर्सने सर्वांत आधी काय करावे? डोक्याकडची बाजू उंच, ऑक्सिजन सुरू, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) बघणे, की डॉक्टरांना कळवणे? अहो, वॉर्डात मी एका हाताने पलंगाचं हँडल फिरवते, दुसऱ्याने बोटाला सॅच्युरेशनचा प्रोब लावते आणि तोंडाने वॉर्डबॉय मामांना सिलिंडर आणायला पिटाळते. त्यात ‘आधी’ कसलं आलंय! पण पुस्तक म्हणतं, चारही बरोबर, तरी डोकं आधी.

डॉक्टरांना कळवण्याचा पर्याय तर बहुतेक वेळा सापळाच. आधी तुम्ही तपासा, काहीतरी करा, मग फोन. आमच्याकडे न विचारता काही केलं, तर राउंडला सगळ्या वॉर्डासमोर आरती होते. पेपरातल्या हॉस्पिटलात सगळं सामान जागेवर असतं आणि ‘सिस्टर, सलाइन संपलीय’ म्हणत एकही नातेवाईक येत नाही. मग सुचतंच की, आधी काय नि नंतर काय!

‘लागू असतील ते सगळे पर्याय निवडा’ हा आणखी एक छळ. 2023 पर्यंत एक टिचकी चुकली की अख्खा प्रश्न पाण्यात. आता थोडेफार गुण देतात, पण चुकीच्या टिचकीला कमावलेला गुण परत घेतात.

वर कॉम्प्युटर आपल्याला जोखत असतो. बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. कमीत कमी 85 प्रश्न, जास्तीत जास्त 150, वेळ पाच तास. 85 ला पडदा पडला, तर आपण फार हुशार किंवा फार ढ. कोण, ते तिथे सांगत नाहीत.

त्यामुळे सोपा प्रश्न आला की माझ्या पोटात गोळा. काल सराव करताना आला: रुग्णाला हात लावण्याआधी काय कराल? हात धुवा, हे समोर लिहिलेलं. इतकं सोपं? म्हणजे मागचं चुकलं? की यातच काही मेख आहे? मी पर्याय पुन्हा पुन्हा पुटपुटत राहिले.

मटार सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या, “अगं, हात धुवायला एवढा विचार?”