वराहाच्या पोटाखाली

रामटेकला जायचं ठरलं की आमच्या घरात आधी खिडकीशी कोण बसणार यावर पंचायत बसते. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर. पण कामठीला तर्री पोहे, कन्हानला आत्याबाईंची मळमळ आणि मनसरला नवऱ्याचं एका ट्रकवाल्याशी भांडण, एवढं झाल्यावर गड येईस्तोवर सूर्य डोक्यावर.

मी हौसेनं वाचून गेले होते. या टेकडीवरची काही जुनी देवळं वाकाटक राजांच्या काळातली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्त या घराण्यात सून म्हणून आली. नवरा लवकर गेला, मुलं लहान, म्हणून कारभार तिनंच हाकला. जवळचं नगरधन म्हणजे त्यांची नंदिवर्धन राजधानी. एवढं ऐकून सासूबाईंनी एकच विचारलं, "सासू नव्हती का तिला?"

गडावर पाचव्या शतकातला दगडी वराह आहे, चारी पायांवर उभा. त्याच्या पोटाखालून सरपटत जायचं. पापी असेल तो अडकतो, असं आत्याबाईंनी जाहीर केलं आणि सगळ्यांना एकदम तहान लागली. पोरं सुळकन पार झाली. त्यांचं काय, पापाचं वय नाही आणि पोटही नाही.

"मी काऊन फसन बे?" म्हणत काकाजी पुढे झाले. टोपी पुतण्याकडे दिली, ओणवे झाले. डोकं गेलं, खांदे गेले. कामठीचे पोहे मात्र अलीकडेच राहिले.

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "उमरेड रोडचा प्लॉट."

"तो बाबांनीच माह्या नावावर केला होता!" वराहाखालून आवाज आला. आमच्या घरात एखादं प्राचीन शिल्प कुणी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत असावं. मागची रांग तर फारच मदतीला आली. कुणी म्हणे श्वास सोडा, कुणी म्हणे देवाचं नाव घ्या, एक जण म्हणाला प्लॉट देऊन टाका. या गोंधळात एका काळतोंड्या वानरानं आमची नारळाची पिशवी उचलली आणि भिंतीवर बसून ती सावकाश तपासायला घेतली. ओरडायला कुणाला सवड नव्हती.

शेवटी पोरांनी पलीकडून हात धरून काकाजींना ओढून काढलं. शर्टाची दोन बटणं देवाला.

"आता तू," काकाजी धापा टाकत बहिणीला म्हणाले.

"माझे गुडघे दुखतात," म्हणून आत्याबाई तरातरा लक्ष्मणाच्या देवळाकडे निघाल्या.

"पाहिलं? पाहिलं ना!" काकाजी पोट झटकत अख्ख्या रांगेला सांगून राहिले होते.