झाड लावण्याआधी हवामानाचे टोक पाहावे

घराभोवती, इमारतीच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला लावण्यासाठी झाड निवडताना बहुतेक जण आधी फुलांचा रंग पाहतात, मग वाढीचा वेग विचारतात आणि हवामानाचा विचार झालाच तर अगदी शेवटी करतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. शिवाय हवामानाचा विचार करणारे लोकही बहुधा सरासरी तापमान आणि सरासरी पाऊस एवढेच पाहतात. झाड पन्नास-साठ वर्षे एकाच जागी उभे राहणार असते आणि त्या काळात एखादा असह्य उन्हाळा, एखादे कोरडे वर्ष, एखादी गोठवणारी रात्र किंवा एखादे वादळ येणारच असते. झाड टिकणार की जाणार याचा निकाल त्या टोकाच्या प्रसंगी लागतो, म्हणून निवडही त्या प्रसंगाला धरूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

थंड प्रदेशांत ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली गेली. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० मध्ये वनस्पतींच्या थंडी सोसण्याच्या क्षमतेवर आधारलेला नकाशा प्रसिद्ध केला. आजच्या नकाशात १३ विभाग असून प्रत्येक विभाग १० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे ५.६ अंश सेल्सिअसचा आहे. हे विभाग हिवाळ्याच्या सरासरी तापमानावरून ठरत नाहीत. वर्षातल्या सर्वात थंड रात्रीचे तापमान तीस वर्षे नोंदवून त्याची सरासरी काढली जाते. या नकाशाची २०२३ ची आवृत्ती १९९१ ते २०२० या काळातील नोंदींवर बेतलेली आहे आणि आधीच्या, म्हणजे २०१२ च्या आवृत्तीशी तुलना केली, तर त्या देशाचा जवळपास निम्मा भूभाग अर्ध्या विभागाने उष्णतेकडे सरकलेला दिसतो.

मात्र हा नकाशा फक्त थंडीविषयी बोलतो आणि उष्ण प्रदेशात राहणाऱ्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे झाडाची खरी परीक्षा कोरड्या महिन्यांत होते. दोन गावांत वर्षाला सारखाच १००० मिलिमीटर पाऊस पडत असेल, पण एका गावी तो बारा महिन्यांत विभागून आणि दुसऱ्या गावी चार महिन्यांत पडत असेल, तर झाडाच्या दृष्टीने त्या दोन गावांत काहीच साम्य नसते. दुसऱ्या गावात पाऊस किती पडतो यापेक्षा सलग किती महिने पडत नाही, हा प्रश्न आधी विचारायला हवा. साग, पळस आणि सावर या झाडांनी या प्रश्नाचे उत्तर पानगळीतून शोधले आहे. कोरड्या दिवसांत पानेच नसली की पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचते. अशा झाडांना ‘कचरा करणारी’ म्हणून नाकारायचे आणि बारमाही ओलाव्याच्या जंगलातले रुंद पानांचे सदाहरित झाड आणून त्याला दर उन्हाळ्यात पाणी घालत बसायचे, हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही. पाणी घालणारा माणूस बदलतो, नळाचे पाणी कमी होते, आणि ते नेमके त्याच वर्षी कमी होते ज्या वर्षी झाडाला त्याची सर्वाधिक गरज असते.

कोरड्या हवेला चांगले तोंड देणारे झाड वाऱ्यालाही तोंड देईल असे मात्र नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करच्या कोरड्या, पानगळीच्या जंगलातला असल्यामुळे पाण्याची टंचाई तो बऱ्यापैकी सोसतो, परंतु त्याचा पसारा रुंद, लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ असतात. मोकळ्या मैदानात तो शोभतो. जोरदार वाऱ्याच्या पट्ट्यात, छपरालगत किंवा वाहने उभी राहतात त्या जागी तो लावू नये. ऑक्टोबर १९८७ मध्ये दक्षिण इंग्लंडवर आलेल्या वादळात सुमारे दीड कोटी झाडे पडली. वारा तर भयंकर होताच, शिवाय अनेक झाडांवर अजून पाने होती आणि आधीच्या पावसाने माती भिजून मऊ झालेली होती. आपल्या भागात जोराचा वारा कोणत्या महिन्यांत येतो आणि त्या वेळी जमीन ओली असते की कोरडी, याची नोंद म्हणूनच निवडीच्या आधी घ्यायला हवी.

यावर अनेकांचे सोपे उत्तर असते की देशी झाडे लावावीत. सुरुवात म्हणून ते योग्यच आहे, कारण त्या झाडांनी तिथली वाईट वर्षे शतकानुशतके सोसलेली असतात आणि तिथले पक्षी व कीटक त्यांच्यावर अवलंबून असतात. परक्या झाडांनी किती नुकसान होऊ शकते हेही आपल्यासमोर आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात ‘ब्रॅडफर्ड’ नावाचा शोभेचा पेअर (नाशपातीच्या जवळचे झाड) घरोघरी लावला गेला. त्याच्या फांद्या वादळात फाटू लागल्या, तो रानातही बेसुमार पसरला आणि अखेर ओहायो राज्याने २०२३ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आणली. गुजरातने २०२३ मध्येच कोनोकार्पस या शोभेच्या परदेशी झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. तरीही केवळ ‘देशी’ या शिक्क्यावर विसंबून राहू नये, असे मला वाटते. ओढ्याकाठचे देशी झाड सिमेंटने वेढलेल्या तापलेल्या पदपथावर नेऊन लावले, तर त्याच्यासाठी ती जागा परदेशासारखीच परकी असते. उलट भारतीय उपखंडातला कडुनिंब मक्केजवळच्या अराफतच्या मैदानात हजारोंच्या संख्येने सावली देतो आहे, कारण तिथली उष्णता आणि कोरडेपणा त्याच्या सहनशक्तीत बसतात.

जातीइतकेच बियाणे कुठून आले हेही महत्त्वाचे असते, आणि या बाबीकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष नसते. अमेरिकेतला लाल मेपल फ्लोरिडापासून कॅनडापर्यंत निसर्गतः वाढतो, पण फ्लोरिडातल्या बियांपासून वाढवलेले रोप उत्तरेत लावले, तर ते शरद ऋतूत वाढ वेळेवर थांबवत नाही आणि कोवळ्या फांद्या पहिल्याच कडक थंडीत मरतात. जातीचे नाव तेच राहते, तरी ते झाड त्या हवेचे नसते. रोपवाटिकेत गेल्यावर ‘हे बी कुठल्या भागातल्या झाडांचे आहे?’ असे अवश्य विचारावे.

आणखी एक आग्रह मी धरतो. हवामानाला उत्तम जुळणारे झाड सापडले, म्हणून संपूर्ण वसाहतीत तेच लावू नये. अमेरिकी शहरांतले एल्मच्या झाडांनी सजलेले रस्ते डच एल्म या बुरशीजन्य रोगाने उजाड केले. त्या जागी अनेक ठिकाणी अ‍ॅश लावले गेले, आणि २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळलेल्या आशियाई भुंगेऱ्याने त्या अ‍ॅशचीही कोट्यवधी झाडे मारली. फ्रँक सँटामोर या संशोधकाने १९९० मध्ये सुचवलेले प्रमाण आजही उपयोगी आहे: एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून अधिक झाडे नसावीत. दीर्घ दुष्काळ सोसलेल्या मेलबर्न शहराने २०१२ च्या आपल्या धोरणात या मर्यादा ५, १० आणि २० टक्के अशा आणखी कडक केल्या.

मातीविषयी थोडक्यात सांगतो. बहुतेक झाडांची पाणी शोषणारी मुळे वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्येच पसरतात, त्यामुळे खोल खड्ड्यापेक्षा मोकळी, रुंद जमीन अधिक मोलाची ठरते. माती चुनखडीयुक्त असेल, तर पिन ओकसारख्या झाडांना लोह मिळत नाही आणि त्यांची पाने पिवळी पडतात. तिथे खते घालत राहण्यापेक्षा दुसरे झाड निवडणे शहाणपणाचे असते.

आज लावलेले झाड भर वयात येईल तेव्हा हवा आजची नसेल, हा विचार मला सर्वात अस्वस्थ करतो. लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानाने २०२२ च्या दुष्काळानंतर ४०० हून अधिक झाडे गमावली आणि आता तिथे अधिक उष्ण, कोरड्या प्रदेशांतल्या जातींचा विचार होत आहे. आपणही आपल्या गावाहून किंचित उष्ण आणि किंचित कोरड्या असलेल्या शेजारच्या भागात कोणती जुनी झाडे कोणाच्याही देखभालीवाचून उभी आहेत, ते पाहून यावे. शक्य असल्यास उन्हाळ्याच्या अखेरीस जावे, कारण पावसाळ्यात सगळीच झाडे निरोगी दिसतात.

रोप घेताना मोठ्या उंचीचा मोह टाळावा. लहान रोप नव्या जागी लवकर रुजते आणि पिशवीत फार काळ वाढलेल्या उंच रोपाची मुळे बहुधा गोल वेटोळे घालून बसलेली असतात. पहिले दोन-तीन कोरडे हंगाम योग्य निवडीच्या झाडालाही पाणी द्यावेच लागते. ते बुंध्याशी रोज थोडे देण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने भरपूर द्यावे आणि आळे दरवर्षी बाहेरच्या बाजूला रुंद करत जावे.