दोन वर्षांत कॅन्सर बरा करायचा असेल तर

सगळ्यात आधी एक पथ्य पाळा. घरी खरं सांगू नका. "कॅन्सरवर काम करतोय" एवढं म्हणायचं आणि चहाचा कप तोंडाला लावायचा. पुढचं वाक्य बोललात की मेलात.

मी बोललो होतो. कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या घरात, रविवारी, पांढऱ्या रश्शाची वाटी हातात असताना. म्हणालो, कॅन्सरची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या कशा ओढून घेते, ते मी कोंबडीच्या अंड्यात बघतो. काकांनी वाटी खाली ठेवली. "आरं, एवढी वर्षं शिकून अंडीच बघतोस व्हय? आपली आक्काबी बघती की, उजेडात धरून." दुर्दैवाने काका बरोबर होते. आमच्या प्रयोगाची पहिली पायरी तीच असते. अंडं दिव्यासमोर धरायचं आणि जीव धरलाय का बघायचं. आक्का ते फुकट करते आणि तिला शोधनिबंध लिहावा लागत नाही.

एवढं सांगूनही हाच विषय घ्यायचा हट्ट असेल, तर काकांना उसाच्या भाषेत समजवा. गाठ सुरुवातीला दीड-दोन मिलिमीटरची असते आणि शेजारच्या ओलाव्यावर भागवते. रक्तातला प्राणवायू केसासारख्या वाहिनीतून बाहेर फार तर एक-दोन दशांश मिलिमीटर झिरपतो, त्यापुढे कोरडवाहू. मग गाठीच्या आतल्या पेशी गुदमरतात आणि सांगावा धाडतात. त्या सांगाव्याचं नाव व्हीईजीएफ. तो पोचला की शेजारच्या चांगल्या चालत्या वाहिनीला कोंब फुटतो आणि गाठीच्या दिशेनं पाट निघतो. ना पाटबंधारे खात्याचा परवाना, ना पाण्याची पाळी, ना मोटारीचं बिल. काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं कोल्हापुरात यायला २०२३ ची दिवाळी उजाडली. अंड्यातल्या गाठीला तिची थेट पाइपलाइन दोन-तीन दिवसांत मिळते. हे ऐकून काका पहिल्यांदा गंभीर झाले. म्हणाले, "मग त्या गाठीलाच महापालिकेत घ्या की."

आता गुरू. या विषयात गुरू एकच, ज्यूडा फोकमन. त्यांच्याकडून काय शिकू नये ते नीट बघून ठेवा. हा माणूस १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत होता. सशाची थायरॉइड ग्रंथी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून तिच्यात कॅन्सरच्या पेशी सोडल्या, तर त्या इवल्याशा वाढून थांबत. त्याच पेशी जिवंत उंदरात घातल्या की बेफाम वाढत. फरक कशाचा, तर भांड्यातल्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या. शहाण्या माणसानं इथं निबंध छापून दुसरा विषय धरला असता. फोकमन वयाच्या चौतिसाव्या वर्षी बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात मुख्य शल्यचिकित्सक झाले, तरी हे खूळ सुटलं नाही. (आपल्याकडे चौतिसाव्या वर्षी माणूस फेलोशिपच्या थकबाकीचा तिसरा स्मरणअर्ज लिहीत असतो.) १९७१ साली त्यांनी छापलं की गाठीचं पाणी तोडा, गाठ उपाशी ठेवा. लोक म्हणाले, गाठीभोवतीची लाली म्हणजे नुसती सूज. त्यांचं भाषण सुरू झालं की माणसं उठून बाहेर जात. त्यांनी सांगितलेल्या तत्त्वावरचं पहिलं औषध, बेव्हॅसिझुमॅब, अमेरिकेत मंजूर झालं २००४ साली. म्हणजे तेहेतीस वर्षं. एवढ्यात आपल्याकडे माणूस व्याख्याता होऊन, विभागप्रमुख होऊन, निवृत्तीचा नारळ घेऊन रंकाळ्यावर फिरायला लागतो.

तुम्हाला तेहेतीस वर्षं नाहीत. तुम्हाला एकतीस मार्च आहे. तेव्हा अंड्यांच्या खरेदीकडे वळा, कारण खरं संशोधन तिथंच होतं.

दुकानातली अंडी चालत नाहीत, त्यांत जीव नसतो. हॅचरीतून उबवणीची अंडी आणावी लागतात. त्यासाठी तीन दरपत्रकं. मी जिथं होतो त्या संस्थेचं नाव राहू द्या, पण तिथल्या खरेदी समितीनं शेरा मारला होता: "वसतिगृहाच्या मेसला अंडी याहून स्वस्त मिळतात, खुलासा करावा." खुलासा केला. मग प्रश्न आला, प्रयोगानंतर अंडी परत जमा का नाहीत. तोही खुलासा केला. शेवटी एका सज्जन कारकुनानं वाट काढली आणि माझी एकशे वीस जिवंत अंडी डेड स्टॉक रजिस्टरात चढवली.

नोंद झाली की अंडी साडेसदतीस अंशावर ठेवा, तिसऱ्या दिवशी टरफलाला नखाएवढी खिडकी पाडा आणि चिकटपट्टीनं झाका. वीज जाते ती चौथ्या दिवशी, जुलैत, रात्री. इन्व्हर्टर साहेबांच्या केबिनला असतो. तुम्ही घरून गरम पाण्याच्या पिशव्या आणायच्या. आई विचारते, कुणाचं पोट दुखतंय?

नवव्या-दहाव्या दिवशी मात्र एकदा ती चिकटपट्टी काढून आत बघाच. पातळ पडद्यावर लाल फांद्या, फांद्यांना फांद्या, मधे धडधडणारं काहीतरी. गाठीचा तुकडा ठेवलेला असला की आसपासच्या सगळ्या फांद्या आपली वाट सोडून त्याच्याकडे वळलेल्या दिसतात, चाकाच्या आऱ्यांसारख्या. यात उपरोध करण्यासारखं काही मला अजून सापडलेलं नाही. पुढे चला.

आता तुमचा शोध. माझं ऐकाल तर वनस्पतीचा अर्क घ्या. पन्हाळ्याच्या वाटेवर जे हिरवं दिसेल ते उपटा, वाळवा, मद्यार्कात भिजवा, अंड्यात थेंब टाका. रक्तवाहिन्या कमी होतात. पुरेसं घातलं तर मिठानंही होतात, पिल्लूही कमी होतं, पण ते निबंधात लिहायची पद्धत नाही. लिहायचं: "कॅन्सरविरोधी गुणधर्म आढळले." मग पत्रकार परिषद. मग "कोल्हापूरच्या सुपुत्राची झेप", बिंदू चौकात फ्लेक्स, फेटा, शाल, श्रीफळ. फ्लेक्सवर तुमच्यापेक्षा सत्कार करणाऱ्याचा फोटो मोठा असेल. त्याबद्दल मन मोठं ठेवा.

विचारतील, औषध कधी? इथं अडखळायचं नाही. "दोन वर्षांत."

हा आकडा माझा नाही, त्याला परंपरा आहे. ३ मे १९९८ रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर फोकमन यांच्या अँजिओस्टॅटिन आणि एंडोस्टॅटिन या वाहिन्या रोखणाऱ्या दोन द्रव्यांची बातमी आली. तीत डीएनएवाल्या जेम्स वॉटसन यांच्या तोंडी वाक्य होतं की ज्यूडा दोन वर्षांत कॅन्सर बरा करणार. वॉटसन यांनी पुढे खुलासा केला की आपण नेमकं तसं म्हणालो नव्हतो. खुलासा कोण वाचतो? आदल्या शुक्रवारी बारा डॉलरच्या आसपास असलेला, या द्रव्यांचे हक्क घेतलेल्या एंट्रेमेड कंपनीचा शेअर सोमवारी एक्कावन्नच्या वर बंद झाला. फोकमन मात्र सांगत राहिले की तुम्हाला कॅन्सर असेल आणि तुम्ही उंदीर असाल, तर आम्ही तुमची चांगली काळजी घेऊ शकतो. असल्या बोलण्यानं फ्लेक्स लागत नसतो.

पैसाच हवा असेल तर त्याहून सोपी वाट आहे. कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांना असतो त्या चिवट मऊ भागात, रक्तवाहिन्या नसतात, म्हणून फोकमन यांच्याकडे आलेल्या रॉबर्ट लँगर या तरुण इंजिनिअरनं १९७० च्या दशकात खाटीकखान्यातून गुरांची हाडं आणून, कूर्चा खरवडून त्यातून वाहिन्या रोखणारं द्रव्य काढलं. पुढे शार्कच्या कूर्चेवरही काम झालं, कारण शार्कचा सांगाडा सगळा कूर्चेचाच. तिथून कुणीतरी ताडलं की शार्कला कॅन्सर होत नाही, आणि गोळ्या निघाल्या. शार्कला कॅन्सर होतो. गोळ्यांचा उपयोग होत नाही हे चाचण्यांत दिसलं. पण शार्क काही महाद्वार रोडवर येऊन सांगत नाही, त्यामुळे धंदा चालतो. बघा जमतंय का.

एका माणसापासून मात्र जपून राहा. राकेश जैन, कानपूर आयआयटीचे, आता बोस्टनला. सगळं जग पाट तोडायच्या मागे असताना हे म्हणाले की गाठीचे पाट मुळात वेडेवाकडे आणि जागोजागी गळके, त्यातून केमोचं औषधही धड आत पोचत नाही. तेव्हा वाहिन्या थोड्या नीटनेटक्या करा म्हणजे औषध पोचेल. तोडायला गेलेल्या माणसाच्या हातात यांनी पाना दिला. पाण्याची लाइन गळते म्हणून गल्ली तीनदा उकरलेली ज्यानं बघितलीय, त्याला हे लगेच पटतं. पण अर्जात लिहू नका. "गाठीची पाइपलाइन दुरुस्त करण्यासाठी निधी मिळावा" हे कुठल्याही समितीत पास होणार नाही.

आणि २००४ च्या त्या औषधाचे आकडे भाषणात सांगू नका. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये केमोच्या जोडीनं ते दिल्यावर निम्मे रुग्ण जगले तो काळ १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेला. टाळ्या पडत नाहीत. "फक्त पावणेपाच?" असं पुढच्या रांगेतून येतं. विचारणाऱ्याच्या घरात कुणी त्या वॉर्डात नसतं. असतं तो विचारत नाही, तो मनातल्या मनात पावणेपाच महिन्यांत नातीचं लग्न बसतंय का ते मोजतो. स्तनाच्या कॅन्सरसाठी तेच औषध अमेरिकेत २००८ ला मंजूर झालं आणि जगणं वाढताना दिसलं नाही म्हणून २०११ ला ती मंजुरी काढूनही घेतली. तेही सांगू नका.

ते औषध गेलं कुठं, तर डोळ्यात. डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या गळक्या वाहिन्या फुटतात, साखरेच्या आजारात पडद्याला सूज येते, तिथंही सांगावा तोच, व्हीईजीएफचा. म्हणून तेच औषध चिमूटभर, सुईनं डोळ्यात.

काकांची साखर जुनी. गेल्या श्रावणात त्यांना पेपरातली अक्षरं वाकडी दिसायला लागली. मीच घेऊन गेलो. इंजेक्शन झालं, आणि तिसऱ्या खेपेनंतर पेपर परत सरळ झाला. डोळ्यावर पट्टी, हातात पिशवी, गंगावेशीत म्हशीच्या दुधाचा पेला घेऊन काका खुशीत होते. "डॉक्टर लई हुशार हाय. शिकावं तर असं." मग उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं.

"आणि तुझी ती अंडी? त्यातनं कवा निघणार औषध?"

अशा वेळी पाठ केलेलं कामाला येतं. मी दुधाचा पेला तोंडाला लावला, खाली ठेवला आणि म्हणालो, "दोन वर्षांत, काका."

"बघ बाबा," ते म्हणाले, "जरा घाई कर."