२४ दिवसांनंतरची तारीख

भावाच्या दारूबद्दल लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी भावालाच विचारलं. "लिही, पण नाव घालू नकोस आणि मला बिचारा करू नकोस," म्हणाला. दोन्ही अटी मान्य करून लिहितेय.

काही वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता त्यानं माझ्या खोलीचं दार वाजवलं. "ताई, मला कुठंतरी घेऊन चल. आता माझ्याच्यानं होत नाही." या एका वाक्याची आम्ही दहा वर्षं वाट बघत होतो. रडून झालं होतं, अबोला धरून झाला होता, पैसे लपवून झाले होते, शपथा तर इतक्या घालून झाल्या होत्या की घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही त्या पाठ होत्या. त्या रात्री मी काही न बोलता चपला घातल्या. उजाडायच्या आत आम्ही सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभे होतो.

खिडकीवर फॉर्म दिला. पेन सुतळीनं बांधलेलं. त्याचा हात इतका थरथरत होता की नावाचं पहिलंच अक्षर रकान्याबाहेर गेलं. मग त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट दाबून धरलं आणि तसंच लिहिलं. खिडकीतल्या बाई बघत होत्या. आदल्या रात्रीपासून घेतली नाही म्हणून हात कापतोय, हे त्यांनाही कळलं असणार. पण फॉर्मवर त्यासाठी जागा नव्हती. 'तक्रार' असा एक रकाना होता, त्यात जेमतेम एक ओळ मावत होती.

मानसोपचार विभागात त्यानं सगळं स्वतः सांगितलं. झोप नाही, जगावंसं वाटत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "पितोस का?" हा म्हणाला, "हो." "मग आधी ती बंद कर. महिनाभर कोरडा राहून ये, मग नैराश्याचं बघू." जिना उतरून व्यसनमुक्ती विभागात गेलो. तिथं विचारलं, "जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का?" यानं पुन्हा खरं सांगितलं. "मग आम्हाला घेता येणार नाही. मानसोपचारवाले स्थिर आहे असं लिहून देऊ देत, मग या." एकाच माणसाच्या खिशात दोन चिठ्ठ्या आणि प्रत्येकीवर दुसऱ्याचा पत्ता. दुपारी कुणाला तरी दया आली आणि तारीख मिळाली. २४ दिवसांनंतरची.

मला त्या लोकांवर राग नाही, असं अशा पोस्टमध्ये लिहायची पद्धत आहे. मला होता. थोडा अजूनही आहे.

घरी येऊन तो 'कोरडा' राहिला. सांगितलंच होतं ना तसं! तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तर पांढऱ्या चादरीवरून एकेक मुंगी चिमटीत धरून खाली टाकतोय. चादरीवर काहीच नव्हतं. मला म्हणाला, "ताई, पाय वर घे, चावतील." घामानं निथळत होता, आणि मी त्याची कोण, हे मधेच विसरत होता.

तेव्हा मला माहीत नव्हतं ते आता माहीत आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली जोर लावून काम करायला शिकलेला असतो. दाब एकदम काढला की तो जोर सुसाट सुटतो. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि ४८ ते ९६ तासांत काहींना भास, ताप, भ्रम असा प्रकार होतो. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस जातो. उपचार नवे नाहीत, महागही नाहीत. बेंझोडायझेपिन या मेंदू शांत करणाऱ्या गटातलं औषध मोजूनमापून, सोबत थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आणि लक्ष ठेवणारं कुणीतरी. रोज भरपूर पिणाऱ्याला 'घरी जा आणि एकदम बंद कर' असं सांगणं किती धोक्याचं आहे, हे कुटुंबांना कुणी सांगत नाही. उलट आम्हाला कौतुक वाटत होतं, तीन दिवस झाले, थेंब घेतला नाही!

त्या रात्री अपघात विभागात नेलं. दाखल करून घेतलं, ताबडतोब. २४ दिवस नसलेली खाट त्या रात्री होती. माझं जे काही म्हणणं आहे ते या एका खाटेबद्दल आहे. माणूस पायावर चालत, शुद्धीत, स्वतःच्या तोंडानं 'मला मदत करा' म्हणतो तेव्हा दार बंद असतं आणि त्याला उचलून आणावं लागतं तेव्हा उघडतं. व्यसन असलेल्या माणसाचं 'हो' टिकत नाही, हे त्या आजाराचंच लक्षण आहे. सकाळचं 'हो' संध्याकाळी उरेल याची खात्री तो स्वतः देऊ शकत नाही. त्याला तीन आठवड्यांनी या म्हणणं म्हणजे येऊ नका म्हणण्यासारखंच आहे.

लोक म्हणतात, डॉक्टर कमी, खाटा कमी, काय करणार? कमी आहेत, मान्य. पण प्रत्येकाला खाट लागतेच कुठे? फ्रान्सनं १९९५ मध्ये हेरॉइनच्या व्यसनावरचं ब्युप्रेनॉर्फिन हे औषध साध्या फॅमिली डॉक्टरांनाही लिहून द्यायची मुभा दिली. खास केंद्रात जायची सक्ती गेली. पुढच्या चार वर्षांत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी कमी झाले. नवीन इमारती बांधून हे झालं नाही, दार घराजवळ आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये एमएच-गॅप हा मानसिक आजारांच्या आणि व्यसनांच्या उपचारांतली तूट भरून काढायचा कार्यक्रम सुरू केला, त्याचाही गाभा हाच. नैराश्य असो की दारू, पहिली पायरी जवळच्या साध्या दवाखान्यात चढता आली पाहिजे. दारूची ओढ कमी करणारी नॅल्ट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधं त्याच संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२३ मध्ये आली. औषध असतं हेच अनेकांना ठाऊक नाही, अजून इच्छाशक्तीवर व्याख्यानं चालू आहेत.

आणि बायका? भावाच्या वॉर्डात मी रोज जायचे. पेशंट सगळे पुरुष, शेजारी बसलेल्या सगळ्या बायका. बायकांना व्यसन नसतं थोडंच! झोपेच्या गोळ्यांवर वर्षानुवर्षं जगणाऱ्या दोघी तर माझ्या ओळखीत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या जागतिक ड्रग अहवालात आकडा आहे: अमली पदार्थांच्या विकारावर उपचार घेणारे पुरुष सातात एक, बायका अठरात एक. यात दारू धरलेलीच नाही. माझ्या ओळखीतली एक म्हणाली, "मी दाखल झाले तर मुलांना कोण बघेल? आणि मी कुठं होते ते कळल्यावर मुलं माझ्याकडं ठेवतील का?" तिच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिनं अजून दाखवलेलं नाही.

ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. खिडकीवर नुसतं 'दारू पितो' म्हणू नका. शेवटची कधी घेतली, रोज किती, आधी कधी फिट आली होती का, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे घरूनच कागदावर लिहून न्या आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. मरणाचे विचार असतील तर लपवू नका, आणि दुसरीकडं पाठवायला लागले तर 'तिथल्या डॉक्टरांना आत्ता माझ्यासमोर फोन करा' असं म्हणा. वाईटपणा येतो. घ्या. फिट, भास किंवा भ्रम दिसला तर तारखेची वाट बघायची नाही, सरळ अपघात विभाग.

भाऊ आता बरा आहे का, असं विचाराल. चौदा महिने एकदम छान होता, मग परत घेतली. वर्षभरात ४० ते ६० टक्के लोक परत घेतात, हे मी वाचलेलं होतं, तरी त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही. औषधाची तारीख त्यानं चुकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रातून सिस्टरांचा फोन आला, दुसऱ्याच एका केंद्रातून, जिथं नैराश्याच्या आणि दारूच्या गोळ्या एकाच टेबलावर मिळतात. "दादा, काल आला नाहीत. घेतली असेल तरी या. घेतली असेल तर आजच या."

गेला. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं, मी मुद्दाम सांगितलं नाही. फॉर्म पुढं आला तसा त्यानं सवयीनं डाव्या हातानं मनगट धरलं. सिस्टरांनी पेन त्याच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा, मी लिहिते."